ओट्यावरचा गोळा सरावाचा आहे का?

प्रश्न: आमची शेती देवळालीच्या तोफखाना रेंजच्या हद्दीला लागून आहे. गेल्या महिन्यात शेततळ्यासाठी जेसीबी लावला, तेव्हा दोन जुने गोळे निघाले. एक लोखंडी, लांबुळका, ७६ मिलिमीटर जाडीचा. त्याच्या अंगावर तांब्यासारख्या गुंड्या आहेत, दोन ओळींत तीन-तीन. दुसरा १०५ मिलिमीटरचा. त्याच्यावर निळ्या रंगाचे पोपडे आहेत आणि बाजूला बोटभर भोक आहे. तिसरा गोळा तर चाळीस वर्षांपासून आजीच्या ओट्यावर आहे, दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून. हा चपट्या तोंडाचा, ८८ मिलिमीटरचा, बुडाशी तांब्याचा पट्टा. चुलते म्हणतात, “हे सगळे सरावाचे गोळे, आत काही नसतं.” भंगारवाला दोनदा येऊन गेला. मला ते तारेच्या ब्रशनं घासून, वॉर्निश मारून शोकेसमध्ये ठेवायचे आहेत. फोटो सोबत पाठवतो. हे नेमके कसले गोळे आहेत आणि धोका आहे का? (एक वाचक, नाशिक जिल्हा)

उत्तर: आधी हातातला ब्रश खाली ठेवा. गोळ्यांची ओळख पुढे सविस्तर देतो, पण त्याआधीची कामं आजच व्हायला हवीत. तिन्ही गोळे आहेत तिथेच राहू द्या, ओट्यावरचासुद्धा. चाळीस वर्षं काही झालं नाही म्हणून आता सावकाश उचलून गोठ्यामागे नेऊन ठेवू, असा विचार करू नका. घरातली माणसं, पोरंटोरं, जनावरं तिथून हलवा. निदान १०० मीटर लांब जा आणि मध्ये भिंत किंवा मातीचा बांध येईल असं बघा. गोळ्यापासून तीसेक मीटरच्या आत मोबाईलवर बोलू नका. मग ११२ ला किंवा तुमच्या पोलिस ठाण्यात फोन करा. तिथून बॉम्बशोधक व नाशक पथक येतं आणि लष्करी गोळा असेल तर लष्कराच्या दारूगोळा तज्ज्ञांनाही कळवलं जातं. गोळा पोत्यात घालून, मोटारसायकलवर ठेवून स्वतः ठाण्यात नेणारे लोक दरवर्षी निघतात. कृपा करून त्यांत भर घालू नका. ठाण्यातल्या हवालदारालाही ते नको असतं.

आता चुलत्यांच्या म्हणण्याकडे येऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. सराव हे त्या गोळ्याचं काम झालं. आत काय भरलंय, हे त्या शब्दावरून कळत नाही. मारा पाहणाऱ्या जवानाला गोळा कुठे पडला हे दोन-चार किलोमीटरवरून दिसायला हवं. म्हणून सरावाच्या बऱ्याच गोळ्यांत खूण दाखवणारी भर घातलेली असते: थोडी काळी दारू, झगमगाट करणारं किंवा धूर काढणारं मिश्रण. ती मूठभरच असते, पण पोलादी कवचात कोंडलेली. उघड्यावर भुर्रकन जळून जाणारी दारू कोंडली की काय करते, हे सुतळी बॉम्ब फोडलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. इथे सुतळीच्या जागी पोलाद आहे एवढाच फरक.

शिवाय एकच कवच वेगवेगळ्या कामाला वापरायची पद्धत जुनी आहे. कारखान्यातून रिकामी कवचं यायची. त्यांतल्या काहींत खरं स्फोटक भरलं जायचं, काहींत तेवढ्याच वजनाची निष्क्रिय भर. म्हणजे बाहेरून दोन्ही सारखे. ब्रिटिश पद्धतीत अशा नकली भरणाच्या गोळ्यावर ‘एचईएस’ अशी अक्षरं रंगानं लिहिलेली असायची. दोन पावसाळ्यांत रंग गेला की उरलेलं कवच खऱ्या गोळ्यापासून वेगळं ओळखता येत नाही. पोलादात ठोकलेले ठसे मात्र शंभर वर्षं टिकतात. पण हे ठसे कवचाबद्दल बोलतात: माप, मार्क, कारखाना, साल, ‘एफएस’ म्हणजे घडवलेलं पोलाद, ‘सीआय’ म्हणजे ओतीव लोखंड. भरणाबद्दल सांगणारी अक्षरं रंगात होती आणि तीच आधी पुसली जातात. जुन्या रेंजवरच्या गोळ्यांबाबत हौशी लोकांची सर्वांत जास्त फसगत होते ती इथे: ठसा वाचता आला म्हणून गोळा कळला असं वाटतं.

तुमच्या पहिल्या गोळ्याचा फोटो पाहून आम्हाला आनंद झाला, हे कबूल करतो. अंगावर गुंड्या असलेला गोळा म्हणजे तोंडाकडून भरायच्या आणि आतून खाचा पाडलेल्या तोफेचा. ब्रिटिशांनी १८६० च्या दशकाच्या मध्यापासून ही पद्धत स्वीकारली. नळीत तीन रुंद सर्पिल खाचा असायच्या. गोळ्यावर प्रत्येक खाचेसाठी दोन गुंड्या, एक पुढे आणि एक मागे. तीन दुणे सहा, तुमच्या फोटोत आहेत तेवढ्याच. गुंड्या लोखंडाहून मऊ धातूच्या, म्हणजे नळी झिजू नये. ३ इंच, म्हणजे ७६ मिलिमीटर व्यासाच्या अशा दोन तोफा हिंदुस्थानात फिरल्या: मैदानी ९ पौंडी आणि खेचरांवर लादायची ७ पौंडी डोंगरी तोफ (‘पौंडी’ हे नाव गोळ्याच्या अंदाजे वजनावरून). दोन्हींचा व्यास एकच, त्यामुळे नुसत्या जाडीवरून निवाडा होत नाही. लांबी आणि पुढच्या-मागच्या गुंड्यांमधलं अंतर पाहावं लागतं. तुमचा फोटो टोकाकडून काढलाय, त्यात लांबी आखडून दिसते. पथक आलं की त्यांनाच सांगा, बाजूनं, काटकोनात एक फोटो हवा म्हणून.

या गुंड्यांवरून आणखी एक गोष्ट कळते. गोळा तोफेतून सुटताना गुंडीची एकच बाजू खाचेच्या कडेवर घासते. सहाही गुंड्या एकाच बाजूनं घासलेल्या, चकचकीत किंवा चपट्या दिसल्या, तर गोळा डागलेला आहे. दोन्ही कडा शाबूत असतील, तर तो कधी डागलाच गेला नाही. तुमच्या फोटोत वरच्या दोन गुंड्यांची डावी कड खाल्लेली दिसते. म्हणजे बहुधा डागलेला आणि तरीही अखंड राहिलेला. कानाला चांगलं वाटतं, पण ही सर्वांत वाईट जात. न डागलेल्या गोळ्याचा फ्यूज, म्हणजे आतली दारू पेटवणारी कळ, झोपलेला असतो. डागताना बसणारा धक्का आणि गिरकी त्याला जागं करतात. जागा होऊनही जो फुटला नाही, तो का फुटला नाही हे बाहेरून कुणालाच सांगता येत नाही.

त्यातून या काळातले कित्येक वेळ-फ्यूज, म्हणजे ठरलेल्या वेळानं पेटवणारे, लाकडी असायचे, टोकाच्या भोकात ठोकून बसवलेले. जमिनीत लाकूड कुजून जातं आणि भोक मातीनं भरतं. शोधणाऱ्याला वाटतं, उघडंच आहे, आत माती आहे, म्हणजे रिकामा. मग खिळ्यानं टोकरायला सुरुवात होते. मातीच्या त्या बुचामागे काळी दारू असू शकते आणि काळ्या दारूचं वैशिष्ट्य असं की ती म्हातारी होत नाही. भिजली की गप्प बसते, वाळली की पुन्हा पेटण्याच्या लायकीची होते. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात २००८ साली यादवी युद्धाच्या काळातला, म्हणजे १८६१ ते १८६५ मधला, तोफगोळा साफ करताना एका अनुभवी संग्राहकाचा जीव गेला. गोळ्याचं वय तेव्हा १४० वर्षांच्या पुढे होतं. तारेचा ब्रश, ड्रिल, ग्राइंडर, गॅसची ज्योत, गंज काढायचं आम्ल, उन्हात वाळवणं: यांतलं एकही काम अखंड गोळ्यावर करायचं नाही.

निळ्या गोळ्याचं थोडक्यात सांगतो. १०५ मिलिमीटर म्हणजे अलीकडच्या काळातली तोफ किंवा रणगाडा. पाश्चात्त्य देशांत साधारण १९६० नंतर रूढ झालेल्या रंगसंकेतात निळं अंग म्हणजे सराव. पण त्या निळ्यावर तपकिरी पट्टा असेल, तर आत मंद जळणारी दारू आहे. पिवळा पट्टा असेल, तर खरं स्फोटक आहे, मग ते खुणेपुरतं का असेना. तुमच्या फोटोत पट्ट्याची जागा नेमकी गंजलेली आहे, म्हणून तो ‘निळा आहे, म्हणजे ठीक’ असं म्हणता येत नाही. बाजूचं भोक पाहून तुम्हाला ‘आत बघता येतं’ असं वाटलं असेल. सरावाच्या गोळ्यांना आणि उखळी बॉम्बना अशी भोकं मुद्दाम ठेवतात, धूर बाहेर यावा म्हणून. भोक आहे म्हणजे आत धूर करणारं काहीतरी असू शकतं. ते जळून गेलंय की नाही, हे भोकाभोवतीच्या काजळीवरून पथकाला कळेल. तुम्ही वाकून, डोळा लावून बघायचं नाही. बॅटरीही मारायची नाही.

रंगाबद्दल एक मोठी गंमत आहे, तीही सांगून टाकतो, कारण रंगाच्या भरवशावर बरेच जण पैजा लावतात. काळा रंग घ्या. रशियन पद्धतीत निष्क्रिय भरणाचा गोळा काळा रंगवतात आणि आपल्या तोफखान्यात १३० आणि १२२ मिलिमीटरच्या रशियन तोफा वर्षानुवर्षं वापरल्या गेल्या. पण पहिल्या महायुद्धाच्या काळातला ब्रिटिश श्रापनेल गोळाही काळाच, फक्त टोकाकडे लाल. त्यात शिशाच्या गोळ्या आणि त्या बाहेर फेकणारी जिवंत दारू. म्हणजे एकाच काळ्या रंगाचे दोन उलटे अर्थ. पिवळ्याचंही तसंच. लिडाइट भरलेले जुने ब्रिटिश गोळे अंगभर पिवळे असत, आजच्या पद्धतीत पिवळा पट्टा पुरतो. काळ ठरवल्याशिवाय रंग वाचायचा नाही. आणि लाल टोक तर मातीत सगळ्यात आधी झडतं.

लिडाइट हा शब्द आलाच आहे, तर एक इशारा. हे पिक्रिक आम्ल. १८८८ च्या सुमारास ब्रिटिशांनी इंग्लंडमधल्या लिड इथल्या रेंजवर चाचण्या घेऊन ते स्वीकारलं, नावही त्या गावावरून पडलं. वर्षानुवर्षं धातूला लागून राहिलं की त्याचे क्षार बनतात आणि त्यांतले काही मूळ स्फोटकापेक्षा कितीतरी जास्त नाजूक, नुसत्या घासण्यानं फुटणारे असतात. टोकाच्या आट्यांपाशी किंवा बुडाच्या फटीत पिवळे खडे, पिवळट ओघळ दिसले तर तिथून मागे फिरा. हळद सांडल्यासारखा रंग असतो, विसरणार नाही.

आता ओट्यावरचा तिसरा गोळा. याच्याबद्दल सर्वांत जास्त सांगता येतं, कारण तुमच्या भाच्यानं पट्ट्याचा जवळून काढलेला फोटो अप्रतिम आहे. (पुन्हा इतक्या जवळ जाऊ देऊ नका.) चपट्या तोंडाचा, भरीव दिसणारा, तांब्याच्या पट्ट्याचा दंडगोल म्हणजे दोहोंपैकी एक. एक तर नळीची चाचणी घेताना वापरायचा गोळा. त्याला टोकदार असण्याची गरजच नसते, ठरलेलं वजन नळीतून गेलं पाहिजे एवढंच. किंवा सरावाचा चपट्या डोक्याचा गोळा. चाचणीचे गोळे खरं तर चाचणी रेंजवर सापडायचे, ओडिशातलं चांदीपूर किंवा मध्य प्रदेशातलं इटारसी अशा ठिकाणी. देवळालीसारख्या प्रशिक्षणाच्या रेंजलगत सापडलेला गोळा सरावाचा असण्याकडे आमचा कल आहे.

पण तोफ कोणती? तुम्ही ८८ लिहिलंय. गंजाचा थर धरला तर ते ८४ ही असू शकतं. ८३.८ मिलिमीटर ही पहिल्या महायुद्धातली १८ पौंडी, ८७.६ मिलिमीटर ही दुसऱ्या महायुद्धातली २५ पौंडी. दोन्ही तोफा हिंदुस्थानी लष्करात होत्या आणि २५ पौंडी तर १९६५ च्या युद्धातही होती. चार मिलिमीटरचा फरक गंजलेल्या पृष्ठभागावर टेपनं मोजणं म्हणजे अंधारात सुई ओवणं. इथे तांब्याचा पट्टा कामाला येतो. पट्टा नळीहून किंचित जाड असतो. डागताना नळीतल्या खाचा त्याच्यात रुततात आणि बाहेर पडताना त्याच्यावर तिरप्या रेघोट्या कायमच्या उमटतात. जितक्या खाचा नळीत, तितक्याच रेघोट्या पट्ट्यावर. १८ पौंडी तोफेच्या नळीत १८ खाचा, २५ पौंडीच्या नळीत २६. परिघाला भागलं की १८ पौंडीत एका खाचेपासून पुढच्या खाचेपर्यंत जवळजवळ साडेचौदा मिलिमीटर येतात आणि २५ पौंडीत साधारण साडेदहा. हा फरक फोटोतही डोळ्यांना दिसतो.

मोजायची रीत अशी. पट्टा बरोबर समोरून दिसेल असा, आधीच काढलेला फोटो घ्या; नवा काढायला गोळ्याजवळ जाऊ नका. कडेच्या रेघोट्या वळणावर दाटीवाटीनं दिसतात, त्या सोडून द्या. मधल्या भागात समजा पाच रेघोट्या स्पष्ट आहेत. पहिलीच्या डाव्या कडेपासून पाचवीच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर घ्या आणि त्याला चारानं भागा, पाचानं नाही. ही चूक नेहमी होते. आता गोळ्याच्या जाडीशी त्याचं प्रमाण काढा. अंतर जाडीच्या सहाव्या भागाच्या थोडं वर आलं तर १८ खाचा, आठव्या भागाच्या आसपास आलं तर २६. यात टेप लागत नाही, फोटोतली मापंच पुरतात. तुमच्या फोटोत आम्हाला ०.१२ च्या जवळचं प्रमाण मिळालं. २५ पौंडी.

या रेघोट्यांवरून गोळा डागलेला आहे हेही पक्कं झालं. न डागलेल्या गोळ्याचा पट्टा गुळगुळीत असतो. पट्टाच नसेल आणि त्या जागी फक्त खवले पाडलेली खाच उरली असेल, तर एकतर तो डागताना उडालाय किंवा कुणीतरी छिन्नीनं काढून विकलाय. भंगारवाला दोनदा का येऊन गेला, त्याचं उत्तर याच पट्ट्यात आहे. त्याला पोलाद नको असतं, तांबं आणि टोकाचं पितळ हवं असतं. पट्टा काढायला छिन्नी-हातोडा चालतो आणि तो चालतो नेमका स्फोटकाच्या पोकळीभोवती. अहिल्यानगरच्या के.के. रेंज या लष्करी सराव क्षेत्राभोवतीच्या गावांतून, खारे कर्जुन्याच्या बाजूनं, अशा मरणाच्या बातम्या पुन्हा पुन्हा येतात, त्यांतल्या बहुतेकांत गोळा कुणीतरी फोडत किंवा कापत होतं. रेंजवर पडलेलं भंगार सरकारी मालमत्ता असतं, ही गोष्ट वेगळीच.

हा तिसरा गोळा भरीवच आहे का? फोटोतून तसं दिसतं, पण खात्री फक्त बुडावरून पटते आणि बुडाचा फोटो तुम्ही पाठवलेला नाही. बुडावर गोल सांधा दिसला किंवा पान्यासाठी समोरासमोर दोन छोटी भोकं दिसली, तर तिथे आट्यांचं झाकण आहे. झाकण आहे म्हणजे मागे पोकळी आहे. बुडाच्या मध्यभागी वाटीसारखा खड्डा असेल आणि त्यात राखाडी-पांढरी भुकटी किंवा घट्ट बसलेली चकती असेल, तर ती प्रकाशरेषा दाखवणारी भर असू शकते, मॅग्नेशियमची. गोळा भरीव असला तरी ही भर पेटू शकते. बूड पाहण्यासाठी गोळा उलटा करू नका, ते पथकाचं काम. आजीला मात्र आधी नीट समजावून सांगा, नाहीतर पथक यायच्या आत ती स्वतःच तो मागच्या दारी नेऊन ठेवेल. तिच्या लेखी ते फक्त दाराला लावायचं ओझं आहे.

याच रेंजवर, याच २५ पौंडीची आणखी एक वस्तू लोकांच्या घरी फुलदाणी म्हणून दिसते, तिचंही सांगतो. बुडाकडून धूर सोडणारे गोळे असायचे. ते हवेत असताना बुडाची चकती सुटते, आतले धुराचे डबे मागून बाहेर पडतात आणि कवच रिकामं जमिनीवर येतं. म्हणून बूड उघडं, टोक शाबूत. श्रापनेलचं बरोबर उलटं असतं: टोक उडून जातं, बूड आणि पट्टा शाबूत, वरून उघडा लोखंडी पेला. १८ पौंडीच्या श्रापनेलमध्ये ३७० च्या वर शिशाच्या गोळ्या असायच्या आणि त्यांना बाहेर ढकलणारी दारू तळाशी. पेला आरपार रिकामा दिसत असेल तर तो काम झालेला गोळा. पण आत माती घट्ट बसलेली असेल तर ती माती आहे की राळेत बसवलेल्या शिशाच्या गोळ्या आहेत, हे वरून कळत नाही, आणि न फुटलेला श्रापनेल अगदी ‘भरीव सरावाचा गोळा’ वाटतो. फुलदाणी करण्यापूर्वी तो पथकाकडून तपासून घेतलेला असावा, आधी चुलीपाशी नेऊन माती सुकवलेला नव्हे. आणि अख्खा धुराचा गोळा सापडला तर आणखी सावध. काही धुराच्या गोळ्यांत पांढरा फॉस्फरस असतो. कवच गंजून भेग पडली की तो हवेला लागून आपोआप पेटतो आणि पाणी ओतल्यावर विझला असं वाटलं तरी सुकताच पुन्हा धुमसतो.

नाशिककरांनी किल्ल्यांवर सापडणाऱ्या गोल गोळ्यांबद्दलही विचारलेलं असतं, म्हणून दोन ओळी. आपल्या जुन्या भाषेत पोकळ, दारू भरलेल्या गोळ्याला ‘कुलपी गोळा’ म्हणत, तो गरनाळेतून, म्हणजे आखूड, रुंद तोंडाच्या तोफेतून उडवायचा. भरीव गोळा वेगळा. १८१८ मध्ये इंग्रजांनी मालेगावचा किल्ला घेतला, रायगडावर मारा केला, तेव्हा असे कुलपी गोळे वापरले गेले. गोल गोळ्यावर अंगठ्याएवढं एक भोक किंवा गंजानं बुजलेला गोल डाग दिसला, तर तो कुलपी समजायचा आणि हात लावायचा नाही. आधीच कुणी वजन केलेलं असेल तर पडताळा असा: १० सेंटिमीटर व्यासाचा भरीव ओतीव लोखंडी गोळा पावणेचार किलोच्या आसपास भरतो, १५ सेंटिमीटरचा साडेबारा किलोच्या वर. वजन यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी भरलं तर तो पोकळ. वजन करण्यासाठी म्हणून मात्र गोळा उचलायचा नाही.

तुम्हाला हे गोळे ठेवायचेत, ही इच्छा चुकीची नाही. पण त्याचा रस्ता पथकातून जातो. स्फोटक असलेला गोळा घरात ठेवणं १९०८ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखाली अडचणीत आणू शकतं. स्वतःहून कळवणाऱ्याची गोष्ट आणि छाप्यात सापडलेल्याची गोष्ट एक नसते. पंचनाम्यात सापडल्याची तारीख, गट क्रमांक, किती खोलीवर, कुणी काढला हे लिहून घ्यायला सांगा. गुंड्यांचा गोळा बहुधा जागीच नष्ट करतील, आणि तो आग्रह धरून वाचवू नका. पथकानं रिकामा आणि निर्धोक ठरवलेला तुकडा मिळाला तर लेखी दाखला मागा, त्याशिवाय घरी आणू नका. आणि रेंजच्या सरावामुळे शेतीचं, पिकाचं नुकसान झालं तर १९३८ च्या मॅनुव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्टमध्ये भरपाईची तरतूद आहे, त्यासाठी तहसील कार्यालयात विचारा. त्याच कायद्यानं जाहीर केलेल्या फायरिंगच्या तारखांना हद्दीत जाण्याला मनाई असते. तारखांची नोटीस ग्रामपंचायतीत लागते का ते पाहा. शेततळ्याचं उरलेलं खोदकाम त्या जागेची तपासणी झाल्यावरच पुढे न्या. एका खड्ड्यात दोन गोळे निघाले, तर तिसरा त्याच मातीत असायचा.

ठाण्यात फोन लावाल तेव्हा असं सांगा: “तीन जुने लष्करी गोळे, एक ७६, एक ८८, एक १०५ मिलिमीटर. दोन डागलेले दिसतात. १०५ चा निळा, बाजूला भोक आहे. ८८ चा राहत्या घराच्या ओट्यावर आहे. माणसं हलवली आहेत.” शेवटची दोन वाक्यं गाळू नका, पथक कोणत्या गोळ्याकडे आधी येणार ते त्यावर ठरतं.